हासणारीचं पान

आमच्या सौंदडच्या मावसाजींचे जितके सोयरे सातासमुद्रापलीकडे आहेत, तितके अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचे नसतील, आणि त्यातल्या एकानेही मावसाजींना कधी पाहिलेलं नाही. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. वय चौऱ्याऐंशी, कान थोडे जड, खांद्यावर कायम दुपट्टा, आणि इटियाडोह धरणाच्या पाण्यावर पिकणारी चार एकर धानाची शेती. गोंदियाच्या पलीकडे ते एकदाच गेले, नागपूरला, मोतीबिंदू काढायला, आणि तिथे काय पाहिलं असं विचारलं तर डोळ्याला पट्टी होती असं उत्तर देतात. पण ओसरीवर बसून ते ज्यांच्याविषयी जिव्हाळ्याने बोलतात ती सगळी माणसं अमेरिकेतली, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. कोणी जॅझ वाजवणारं, कोणी त्याच्यानंतर आलेलं रिदम अँड ब्लूज गाणारं. त्यातही नावाजलेलं एक नाही. दोन-दोन गाणी वाजवून जी माणसं पुन्हा कुणाला दिसली नाहीत, तेवढीच नेमकी मावसाजींच्या गोतावळ्यात आहेत.

हा गोतावळा घरात आला तो छोट्या गाडीनं. तरुणपणी मावसाजी धानाबरोबर लाखेचाही व्यापार करायचे. पळसावर, कुसुमावर धरलेली लाख गावोगाव फिरून गोळा करायची आणि चांदाफोर्टहून येणाऱ्या छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेज रेल्वेनं, गोंदियाला पोचवायची. तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब राहायचे. त्यांच्याकडे मावसाजी दरवर्षी नवा तांदूळ घेऊन जात. साहेब सुट्टीच्या दिवशी व्हरांड्यात चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, लावून बसत आणि मावसाजी खालच्या पायरीवर बसत. बोलणं व्हायचं नाही, कारण साहेबांना मराठी येत नव्हतं आणि मावसाजींना मध्ये बोललेलं खपत नव्हतं. पुढे साहेब बायकापोरांसह कायमचे परदेशी निघाले. मोठमोठ्या लोकांचे तवे त्यांनी सामानात बांधले, आणि ज्यांना कोणी विचारत नव्हतं असे एकतीस तवे फोनोसकट मावसाजींना देऊन टाकले. तवे म्हणजे जुन्या, काळ्या, जाड रेकॉर्डी. आमच्याकडे त्यांना तवेच म्हणतात. मावसाजी ती ट्रंक गोंदियापासून सौंदडपर्यंत मांडीवर घेऊन बसले, खाली ठेवली तर गाडीचे दणके बसतील म्हणून. मावशी तेव्हा नवी नवरी. तिला वाटलं, एवढं जिवापाड सांभाळून आणलंय म्हणजे आपल्यासाठीच काहीतरी असेल. या गोष्टीला साठ वर्षं झाली आणि मावशी ती अजून विसरलेली नाही.

मी अर्जुनीला इंग्रजीचा मास्तर होतो, त्यामुळे तव्यांवरची नावं वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे. एकदा मी म्हटलं, मावसाजी, ह्यातल्या एकाचंही नाव कुणी ऐकलेलं नाही, साहेबांनी तुम्हाला उरलासुरला माल दिला. मावसाजी शांतपणे म्हणाले, "ज्याले सारी दुनिया ओळखते, त्याले माही काय गरज हाय गा?" आणि परकेपणाचा प्रश्न तर त्यांनी केव्हाच निकालात काढला होता. हे तवे लाखेपासून बनतात असं साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, आणि त्या काळी गोंदियाची लाख परदेशी जात होती. एवढ्यावर मावसाजींनी सोयरीक जुळवली. "आपल्या पळसाची लाख तिकडे गेली, त्याच्यावर त्याईचा आवाज चिपकला, अन् घुमून-फिरून आपल्याच घरी आला. मंग परके काऊन म्हणाचे?"

छापील नावं मावसाजींना जिभेवर घ्यायला जड जायची, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. तुतारीसारखं वाद्य फुंकणारा एक होता, तो प्रत्येक ओळीआधी श्वास घ्यायचा तो ऐकू यायचा, तो झाला दमेकरी. पियानो वाजवता वाजवता हळूच गुणगुणणारा झाला गुणगुण्या. एका गाण्यात मधेच कोणीतरी स्वच्छ खोकतं; कोण खोकतं ते ठाऊक नाही, पण त्याला खोकलेबुवा म्हणून मान होता. दोन-तीन तव्यांवर एक ढोलवाला होता, तो समेवर केसभर उशिरा यायचा. मावसाजी बोट वर धरून त्याची वाट पाहायचे, आणि तो आला की बोट खाली करून म्हणायचे, "आला." तालात येणाऱ्यापेक्षा ह्या उशिरा येणाऱ्यावर त्यांचा जीव जास्त. माझ्या मुलानं एकदा पुण्याहून आणलेल्या स्पीकरवर जगप्रसिद्ध लोकांचं जॅझ त्यांना ऐकवलं. एकदम साफ, कुठे खरखर नाही. मावसाजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. पण याच्यात कोणी खोकत नाही."

आणि ह्या सगळ्यांच्या वर होती हासणारी. कोण एक पोरगी, आवाजावरून विशीचीसुद्धा नसेल, एकाच तव्यावर एक गाणं गाते. रडकं गाणं आहे; कोणी सोडून गेलेलं आहे. आणि गाणं संपता संपता, वाद्यं अजून थांबायची असताना, ती खुदकन हासते. एवढंच. ते हासू संपेपर्यंत मावसाजी तवा थांबवू देत नसत. ती का हासली यावर नवरा-बायकोत साठ वर्षं मतभेद होता. मावसाजींचं म्हणणं, उशिरा येणारा ढोलवाला शेवटालाही उशिरा आला म्हणून पोरीला हासू फुटलं. मावशी चुलीपाशी बसून म्हणायची, "अजी, ते तुमच्यावर हासून राहिली. धान वाळून राहिलं अन् माणूस डब्ब्यापाशी बसला हाय."

फोनोच्या लोखंडी सुया बाजारात मिळेनाशा झाल्या तेव्हा मावसाजींनी बाभळीचे काटे लावायला सुरुवात केली. तव्याच्या एका बाजूला एक काटा, मग तो फेकायचा. उन्हाळ्यात पक्के झालेले काटे तोडून, वाळवून तंबाखूच्या डबीत भरून ठेवायचे. काट्यानं आवाज बारीक येतो, पण मावसाजी म्हणत, तव्याला टोचत नाही. चांगली बाभूळ दिसली की ते सगळं विसरत. त्यांच्या थोरल्या मुलासाठी धरणाच्या बाजूच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, आणि मावसाजी गायब. शोधायला गेलो तर बांधावर दुपट्ट्यात काटे गोळा करत उभे. आत येऊन त्यांनी मुलीकडे नीट पाहिलंही नाही आणि सांगून टाकलं, "आमाले पसंत हाय. मुलगी बी चांगली हाय, अन् बाभळी बी." सून खरोखर गुणाची निघाली. माहेराहून परतताना ती अजूनही शिदोरीबरोबर एक डबी काटे आणते.

आमच्या जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या यात्रेत त्यांना एकदा लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला भेटला. त्याला ते आग्रहानं घरी घेऊन आले, जेवू घातलं आणि क्लॅरोनेटचा एक तवा ऐकवला. त्या माणसानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "याची पत्ती चिरली है, दादा. तरी बजाकर राहिला." पत्ती म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेताची चिप. मावसाजींचा चेहरा उतरला. पुढचे कित्येक दिवस ते कुणालाही भेटले की तेच सांगत, त्याची पत्ती चिरली होती आणि आपल्याला इतकी वर्षं कळलंच नाही. त्यानंतर तो तवा लावण्याआधी ते तबकडीवरून नुसता हात फिरवायचे.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. तीसेक वर्षांपूर्वी मी ओसरीवर पेपर तपासत बसलो होतो. मावसाजींनी विचारलं, "काय गा मास्तर, हे सारे लोक आता कोठी असतीन?" मी मान वर न करता म्हणालो, "मेले असतील हो सगळे. केव्हाचेच." पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारणारा मी, ती एवढी मोठी चूक सहज करून गेलो. त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला मावसाजींनी मावशीला पाच पानं जास्त वाढायला सांगितली. ज्यांचं करणारं कोणी नाही त्यांचंही त्या दिवशी करायचं असतं, आणि ह्यांचं तिकडे कोण करणार, असा त्यांचा साधा हिशोब. दमेकरी, गुणगुण्या, खोकलेबुवा, उशिरा येणारा आणि हासणारी. सगळ्यांचं मिळून एक पान ठेवा म्हणून मावशीनं सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. दमेकऱ्याला तिखट चालायचं नाही, त्याचं वेगळंच हवं. तेव्हापासून दरवर्षी कढी, वडे, खीर, कोहळ्याची भाजी पळसाच्या पत्रावळींवर वाढून कौलावर जायची आणि अख्ख्या सौंदडचे कावळे त्या दिवशी मावशीच्या घरी जेवायचे.

दोन वर्षांपूर्वीची सर्वपित्री. मी तिथेच होतो. पानं वर गेली होती, कावळे शिवून गेले होते, आम्ही पंगतीला बसणार होतो. मावसाजींची नात नागपूरला शिकते, ती सुट्टीला आलेली. तिनं उन्हाळ्यात हासणारीचं गाणं मोबाइलवर भरून इंटरनेटवर टाकलं होतं. अमेरिकेतल्या एका जुन्या तव्यांच्या शौकिनानं ते ऐकून तिला लिहिलं होतं. ती धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, तुमची हासणारी जित्ती हाय. नव्वदीच्या वर हाय, पण जित्ती हाय. पोरीपाशी राह्यते."

तिला वाटलं होतं, आजोबा आनंदानं उठतील. मावसाजी उठले खरे, पण अंगणात जाऊन कौलाकडे बघत उभे राहिले. पाचही पत्रावळी रिकाम्या झाल्या होत्या. ते परत आले, हात धुतले आणि न जेवता खाटेवर जाऊन पडले. जिवंत बाईचं त्यांनी तीस वर्षं पितरांत पान वाढलं होतं, तेही हौसेनं, वर खीर जास्त घालून. मावशीनं समजूत घातली, "अजी, मेल्याची खोटी बातमी उठली का माणसाचं आयुष्य वाढते म्हणतेत. तुमच्यानंच तं इतकी जगली थे." मावसाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बातमी नाही उठवली मी. जेवण घातलं."

मग त्यांनी फोनोवर दुपट्टा टाकला आणि तो काढलाच नाही. नातीकडून बाकीच्या चौघांची पक्की खात्री मात्र करून घेतली. त्या शौकिनानं कळवलं की तव्यांवर नावं असलेले बाकीचे सगळे खरोखर वारले आहेत, फक्त कोण खोकलं ते त्यालाही सांगता येणार नाही. तरी मावसाजींनी तवा लावला नाही. पंधरा दिवसांनी मावशी एकटी बसनं अर्जुनीला माझ्या घरी आली. ती अशी कधी येत नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "साठ साल त्या डब्ब्याले शिव्या देल्या मी. आता घर खायले उठते. बोलतच नाहीत कोणासंग. तू इंग्रजीचा मास्तर ना? तूच बोल्ला होता का मेले म्हणून. मंग तूच कर काहीतरी." मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन सौंदडला गेलो.

मावसाजींना माफी मागायची होती, आणि ती कशाबद्दल हे एकूणएक सांगून. मी म्हटलं, ख्यालीखुशाली विचारू, गाणं आवडतं म्हणून लिहू, एवढ्या वयाच्या बाईला हे कशाला कळवायचं. ते ऐकेनात. "खोटं लिहाचं असन तं माह्या नावानं नको लिहू." मग मी लिहायला बसलो. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवली, पण श्राद्ध इंग्रजीत कसं सांगायचं हे कुठल्याच धड्यात नव्हतं. माझ्या पहिल्या मसुद्याचा अर्थ, आम्ही दरवर्षी तुम्हाला कावळ्यांना खाऊ घालतो, असा निघत होता. दुसऱ्यात तिला वाटलं असतं की आम्ही तिच्या मरणाची वाट पाहतोय. चौथ्या मसुद्यात जमलं. लाखेपासून सुरुवात केली, छोटी गाडी आली, उशिरा येणारा आला, मग मी पेपर तपासता तपासता काय बोललो ते आलं, आणि मग पान. पानात काय काय असायचं ते मावसाजींनी पदार्थवार लिहून घ्यायला लावलं, कारण निदान वाईट जेवण घातलं नाही हे तिला कळायला हवं होतं. शेवटी त्यांनी एकच विचारायला सांगितलं: हासली कायले होती? नातीनं ते पत्र मोबाइलवरून त्या शौकिनाकडे पाठवलं, आणि त्यानं बाईच्या मुलीकडे.

उत्तर मोबाइलवर येणार हे माहीत असूनही मावसाजी रोज पोस्टमनच्या वेळेला ओसरीवर बसत. दिवाळी होऊन गेली, धान कापून झालं. मग एका सकाळी नातीच्या फोनवर बाईनं बोलून भरलेला निरोप आला. आम्ही सगळे नातीभोवती जमलो. आवाज थरथरत होता, मधे मधे थांबत होता, आणि मी ओळ ओळ मराठीत सांगत होतो. ती म्हणत होती की त्या एका गाण्यानंतर तिला कुणी परत बोलावलं नाही. मग चाळीस वर्षं ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी होती, हजारो पोरांच्या ताटांत तिनं जेवण वाढलं. आणि एवढ्या वर्षांत कुठेतरी कोणीतरी आपल्याला वाढतंय हे तिला ठाऊकच नव्हतं. रागावण्यासारखं काही नाही, म्हणाली, फक्त मी जिवंत आहे तोवर माझं ताट कावळ्यांना देऊ नका, तुमच्याबरोबर ठेवा. मग म्हणाली, तो ढोलवाला. शेवटच्या ठोक्यालासुद्धा उशिरा आला. मी हासू दाबत होते, दाबता आलं नाही. आणि हे सांगताना ती हासली.

मावसाजींना मी सांगण्याआधीच कळलं होतं. फोन कानाला घट्ट धरून त्यांनी ते हासू पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि मग मावशीकडे वळून म्हणाले, "मी नोतो सांगत?" मावशीनं पदरानं डोळे पुसले आणि पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली. साठ वर्षांचा वाद ती हरली होती, आणि मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. फोनोवरचा दुपट्टा त्या दिवशी निघाला.

आमच्याकडे नवा तांदूळ पहिल्यांदा शिजतो त्या दिवशी, म्हणजे नव्याला, सगळं घर एका पंगतीत जेवतं. त्या वर्षी मावसाजींनी आपल्या उजव्या हाताला एक पत्रावळ जास्त मांडली. सुनेनं भात वाढला, वरण वाढलं. मावसाजींनी तवा लावला, हासू होईपर्यंत सगळे थांबले, आणि मग जेवले. नातीनं फोटो काढून पाठवला. तिकडून बाईच्या मुलीनं कळवलं की आईनं तो उशाशी लावून ठेवला आहे आणि भातावर पिवळं काय आहे असं विचारते आहे.

यंदाच्या पावसाळ्यात नातीचा मला फोन आला. ती रडत होती. हासणारी गेली, झोपेतच गेली. "काका," ती म्हणाली, "आजोबाले मी नाही सांगू शकत. तुमीच सांगा." मी हो म्हणालो. दोनदा सौंदडला गेलो. एकदा मावसाजी काटे निवडत बसले होते, म्हणून राहिलं. एकदा त्यांना ताप होता. मग सर्वपित्री आली. कौलावर चार पानं गेली. मी मोजून पाहिली, आणि मावसाजींनी मला मोजताना पाहिलं. "चारच," ते म्हणाले. "पाचवं पान नव्याले." त्या क्षणी सांगायला हवं होतं. रीतीप्रमाणे तिच्या पानाचा पहिला खरा दिवस तोच होता, आणि तोच एक तिचा चुकला.

तीस वर्षांपूर्वी काही ठाऊक नसताना मी तिला मान वर न करता मारून टाकलं होतं. आता सगळं ठाऊक आहे, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नाही. हा भित्रेपणा आहे हे मला कळतं. पण मावसाजींच्या सोयऱ्यांत जिवंत असं एकच माणूस होतं, आणि ते काढून घ्यायचं काम माझ्याच वाट्याला दोनदा यावं हे काही मला बरं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात नवा तांदूळ शिजला. पंगत बसली. यंदा वाढायचं काम मी मागून घेतलं होतं. मावसाजींच्या उजव्या हाताला पत्रावळ होती. त्यांनी नवा काटा लावला, चावी भरली, बोट वर धरलं. उशिरा येणारा उशिरा आला. ती हासली. मावसाजींनी बोट खाली केलं, तिच्या पानाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हात आखडून काऊन वाढतं गा? एवढुसा भात? आयुष्यभर दुसऱ्याईले वाढत होती थे."

मी वाकलो आणि तिच्या पानावर आणखी भात वाढला.